गोटीरामकाकांचं धावतं समालोचन

नोमिन आमच्या बिल्डिंगमध्ये राहायला आली, तेव्हा ती मंगलोरची आहे अशी सगळ्या गावठाणाची समजूत होती. ही समजूत करून दिली होती गोटीरामकाकांनी. एजंटने फोनवर 'मंगोलिया' सांगितलं, काकांनी 'मंगलोर' ऐकलं, आणि काकांनी एखादी गोष्ट ऐकली की ती गावाला कळायला वेळ लागत नाही.

गोटीराम मढवी आमचे घरमालक. जुन्या सानपाडा गावात त्यांची चार मजली बिल्डिंग आहे. तळमजल्यावर ते आणि पुतळाकाकी, दुसऱ्यावर आम्ही शेडगे, आणि वरच्या खोल्यांमध्ये कॉलेजची मुलं-मुली. आम्ही मूळचे कोरेगावकडचे. सासरे मार्केटात माथाडी होते, तेव्हापासून याच घरात आहोत. मी महापालिकेच्या शाळेत शिकवते. काकांच्या घरची शेती आणि मिठागरं सिडकोने नवी मुंबई वसवली तेव्हा गेली, मग ते तुर्भ्याच्या एका कारखान्यात टाइमकीपर म्हणून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. पण 'तुम्ही काय करता?' असं कुणी विचारलं, तर ते कारखान्याचं नाव कधीच घेत नसत. छाती थोडी पुढे काढून म्हणत, "समालोचक."

ते खरंच होतं. गावच्या मैदानावर टेनिस बॉलचे सामने सुरू झाले तेव्हापासून माईक काकांच्या हातात होता. त्याबद्दल पुढे सांगतेच. आधी नोमिनच्या जेवणाचं सांगते.

"मंगलोरची हाय, म्हंजी मच्छीशिवाय घास उतरत नसंल बिचारीचा," असं म्हणून पुतळाकाकी तिला रोज वाटी पाठवायला लागल्या. कधी बोंबलाचं कालवण, कधी मांदेली, कधी जवळा. नोमिनचं आयुष्य गेलं होतं मटण आणि दुधावर. मासा तिने लहानपणी कधीतरी खाल्ला होता, तोही डब्यातला. पण इथे पाहुण्याला रोज मासे देण्याची रीत असावी असं समजून ती बिचारी एकेक काटा जिभेने शोधून काढायची, वाटी धुऊन परत करायची आणि हात जोडून म्हणायची, "थँक यू काकी." काकींना वाटायचं, पोरीला कमी पडतंय. दुसऱ्या दिवशी वाटीच्या जागी टोप जायचा.

हे प्रकरण मिटलं ते एका फोटोमुळे. नोमिन तळमजल्यावर टोप परत द्यायला गेली होती. काकींनी घरच्यांची चौकशी केली म्हणून तिने मोबाईलमध्ये घर दाखवलं. एक छोटंसं घर, दारात तिचे वडील आणि चहूकडे पांढरंशुभ्र मैदान.

काकी बघतच राहिल्या. "अगो बाय! एवढं मीठ? तुमचं मिठागर हाय?"

"नो सॉल्ट, काकी. स्नो. बर्फ."

काकांनी चष्मा चढवला. "मंगलोरला बर्फ कवापासून पडाला लागला?"

मला हाक आली. मी जाऊन फोनवर नकाशा काढला आणि बोट ठेवून दाखवलं. काकांनी वाकून ते बोट कुठे आहे ते नीट बघितलं. मग म्हणाले, "यो तर चायनाच्यापन वर हाय." काकींचं लक्ष नकाशाकडे नव्हतंच. त्यांनी नोमिनचा हात धरला होता. "मग मच्छी? एवढे दिस तू काटे गिलत होतीस? बोलाचं नाय?"

त्या रविवारी काकींनी तिच्यासाठी मटण केलं. नोमिनने हाड असं काही साफ केलं, की काका कौतुकाने सगळ्यांना बोलावून दाखवत होते. तेव्हापासून ती घरची झाली.

ती आली होती कॉम्प्युटर शिकायला, शिष्यवृत्ती घेऊन. हॉस्टेल भरलेलं होतं म्हणून गावठाणात खोली घेतली. परदेशात शिकायला जायचं म्हणजे रोज काहीतरी नवीन बघायचं, असं तिच्या मनात असणार. पण ती आली जुलैत. दोन महिने धो धो पाऊस, कॉलेज आणि खोली. वाशीच्या मॉलमध्ये गेली, तर तिथे हिच्या गावापेक्षा जास्त गारठा. खाडीकाठच्या मिनी सीशोअरला गेली, तर प्रत्येक बाकावर एकेक जोडपं. ही मधे कुठे बसणार? समोरच्या सोसायटीचा वॉचमन नेपाळचा. तो रोज तिच्याशी आपुलकीने नेपाळीत बोलायचा आणि ती उत्तर देत नाही म्हणून रोज रुसायचा. संध्याकाळी ती चौथ्या मजल्याच्या गॅलरीत एकटीच उभी दिसायची. एकदा मी विचारलं, तर इंग्रजीत म्हणाली, "दीदी, इथे दूरचं काहीच दिसत नाही. बिल्डिंगच्या पुढे बिल्डिंग." तिच्या गावात म्हणे माणूस निघाला की तो पोहोचेपर्यंत दिसत राहतो.

मग दिवाळी झाली, पाऊस विसरायला झाला, आणि एका रविवारी सकाळी सामने सुरू झाले.

मैदान आमच्या बिल्डिंगला लागूनच आहे. लाऊडस्पीकरचा एक कर्णा नेहमी आमच्या गच्चीच्या कठड्याला बांधतात. तो नोमिनच्या खिडकीच्या बरोबर वर येतो. त्या दिवशी ती झोपलेली असताना डोक्यावरून गर्जना झाली: "हॅलो! हॅलो! सर्वांनी त्वरित मैदानावर हजर व्हायचं आहे! ही शेवटची सूचना आहे!"

मी जिन्यात दूध घेत होते. नोमिन पासपोर्ट छातीशी धरून, पायात वेगवेगळ्या चपला घालून धाडधाड खाली आली. "दीदी, भूकंप? युद्ध?"

"नाही गं. टॉस."

पुतळाकाकींनी तिला बसवून चहा पाजला. चहा घेता घेता ती माईकवरचा आवाज ऐकत होती. "हे कोण बोलतंय?"

"यो आमचा," काकी म्हणाल्या. त्यांच्या आवाजात अभिमान होता की वैताग, ते सांगता यायचं नाही.

काकांचं घरातलं बोलणं आणि माईकवरचं बोलणं ही दोन वेगळी माणसं होती. घरात 'हाय-नाय' करणारे काका माईक हातात आला की रेडिओसारखे बोलायचे. लहानपणी ट्रान्झिस्टर कानाला लावून ते हे शिकले होते. फक्त रेडिओवरच्या समालोचकांना खेळाडूंची घरची माहिती नसते. काकांना असायची.

"क्रिकेटरसिकहो," काका सुरू करायचे, "पॅव्हेलियनच्या दिशेकडून, म्हणजेच सार्वजनिक शौचालयाच्या बाजूने गोलंदाजीस येत आहे शिवतेज शेडगे. उंच, सडपातळ, अविवाहित. वडील माथाडी कामगार, निवृत्त. वहिनी शिक्षिका. मुलगा निर्व्यसनी आहे, निदान आमच्या माहितीप्रमाणे. आणि चेंडू टाकला… फलंदाजाने तो सोडून दिला! याच फलंदाजाने परवा तुर्भ्याची चांगली नोकरीही अशीच सोडून दिली, रसिकहो."

शिवतेज माझा धाकटा दीर. ऐरोलीत एका कंपनीत आहे, आणि गावच्या संघाचा भरवशाचा गोलंदाज.

नोमिनला क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण तिला करमणूक सापडली. दर रविवारी ती गॅलरीत खुर्ची टाकून बसायची, शेजारी मला बसवायची आणि प्रत्येक वाक्याचा अर्थ विचारायची. तिला धावा किती झाल्या याच्याशी देणंघेणं नव्हतं. कुणाचं लग्न ठरलं, कुणाकडे डबल डोअरचा फ्रिज आला, कोण कुणाचा साडू, हे तिला हवं असायचं. "दीदी, आता मला खाली चालताना सगळे ओळखीचे वाटतात," ती म्हणाली. "हा फ्रिजवाला, हा नोकरी सोडलेला."

आणि बघता बघता ती मराठी बोलायला लागली. फक्त ते मराठी काकांचं होतं, दोन्ही काकांचं एकत्र.

भाजीवाल्या सगुणाबाईंनी वांग्याचा भाव सांगितला. नोमिनने मान हलवली. "जोरदार अपील. पण पंचांनी फेटाळलं हाय." सगुणाबाईंच्या हातातला तराजूच कलंडला. एकदा तिची ओढणी दोरीवरून सुटून खाली गेली. ही वरून ओरडतेय, "उंच हवेत! खाली काकी आहेत… काकी चेंडूखाली… आणि झेल घेतला!" काकींनी खरंच झेल घेतला होता. नळाला पाणी गेलं की ती जिन्यात येऊन जाहीर करायची, "पान्याअभावी खेळ थांबवण्यात आलेला आहे." परीक्षेचा निकाल विचारला, तर म्हणाली, "थोडक्यात बचावले. चेंडू यष्टीला चाटून गेला."

मी पंधरा वर्षं शिकवतेय, पण माझ्या शाळेतली मुलं इतकं सुरेख वाक्य बोलत नाहीत.

सगळं असं छान चाललं असताना जानेवारीत धनेशने लाईव्ह आणलं.

धनेश हा काकांचा पुतण्या आणि मंडळाचा अध्यक्ष. त्याने मैदानावर कॅमेरे लावले, सामने यूट्यूबवर दाखवायला सुरुवात केली. आता काकांचा आवाज मैदानाबाहेर जाऊ लागला. काकांना त्याचा आनंद झाला, पण त्यातली गोम त्यांच्या लक्षात आली नाही. आजवर ते बोलायचे ते गावातल्या गावात राहायचं. आणि गावाला ते आधीच माहीत असायचं.

प्रजासत्ताक दिनाला जोडून सामने ठेवले होते. दुसऱ्या दिवशी शिवतेजला ऑफिस होतं. तो गेला नाही. त्याने पहिल्या षटकात असा काही मारा केला, की काकांना राहवलं नाही.

"रसिकहो, शिवतेजने आज सकाळी साहेबांना पोट बिघडल्याचं कळवलेलं आहे. परंतु हा वेग पाहा! बिघडलेल्या पोटाचा हा वेग नव्हे! यष्टी उडाली! वा रे आजारी!"

लिंक शिवतेजनेच आठवडाभरापूर्वी हौसेने ऑफिसच्या ग्रुपवर टाकली होती. षटक संपायच्या आत त्याच्या मोबाईलवर साहेबांचा मेसेज आला: 'लवकर बरे व्हा. यॉर्कर छान पडतोय.'

शिवतेज दुसऱ्या दिवशी ऑफिसला गेला तो मान खाली घालून. नोकरी वाचली, पण संघातली बाकीची पोरं हादरली. प्रत्येकाचं काही ना काही होतंच. कुणी घरी वेगळं सांगून यायचा, कुणी सासुरवाडीला. सगळे मिळून धनेशकडे गेले.

धनेश काकांकडे आला. समोर बसला, चहा घेतला, पुन्हा चहा घेतला. शेवटी म्हणाला, "काका, यंदा तुमी आराम करा ना."

"कनाचा आराम? मी काय आजारी हाय?"

"तसा नाय काका. लाईव्ह जातंय ते. पनवेलकडचा एक जन हाय, एकदम प्रोफेशनल. इंग्लिशपन मारतो मधी मधी. तुमी पाहुने म्हनून बसा ना स्टेजवर, पहिल्या लायनीत. सत्कार करू तुमचा."

सत्कार म्हटल्यावर काका समजले. उठून आतल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. धनेश तसाच बसून राहिला, मग त्याने काकींना विचारलं, "काकी, राग आला काय त्यांना?"

"नाय रं," काकी म्हणाल्या, "आनंदानं नाचतान आत."

दुसऱ्या रविवारी पनवेलचा समालोचक आला. आवाज चांगला होता, पण तो नुसता ओरडायचा. "व्हॉट अ शॉट! क्या बात है! बॅट्समन नंबर सेव्हन!" नोमिन गॅलरीत कान टवकारून बसली होती. अर्ध्या तासाने माझ्याकडे वळली. "दीदी, नंबर सेव्हन कोणाचा जावई आहे?"

"मला कुठे माहीत?"

"मग बघायचं काय?" असं म्हणून ती आत गेली आणि कपडे धुवायला बसली.

खरा त्रास मात्र पुतळाकाकींना सुरू झाला होता. इतक्या वर्षांची सवय, ती जाणार कुठे? काका घरात समालोचन करायला लागले. मी एकदा साखर मागायला गेले तर काका स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसलेले.

"पुतळाबाईंनी कांदा हाती घेतलेला आहे. अनुभवी हात. कांदा कापला… सुरेख! आता तेल. तेल थोडं जास्त झालेलं आहे असं आमचं मत आहे. पुतळाबाई आमच्याकडे पाहत आहेत. वातावरण तंग…"

"सुनयना," काकी उलथनं हातात घेऊन मला म्हणाल्या, "यांना घेऊन जा कुठंतरी. शाळत ने. पोरांत बसव."

मी हे वर जाऊन नोमिनला सांगितलं. ती हसली नाही. थोडा वेळ विचार करून ती खाली गेली आणि काकांसमोर उभी राहिली. "काका, मला मॅच समजत नाय. रविवारी वर या. माझ्यासाठी बोला. फक्त माझ्यासाठी, हळू."

काकांनी आढेवेढे घेतले. "मना काय त्याची गरज नाय." पण रविवारी सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून ते चौथ्या मजल्यावर हजर होते. गुडघे दुखतात म्हणून जे काका गच्चीवर पाण्याची टाकी बघायलाही चढत नाहीत, ते काका.

सुरुवातीला ते खरंच हळू बोलत होते, नोमिनच्या कानापाशी. पण कुजबुजत समालोचन करणं हे त्यांच्या स्वभावात नव्हतं. दुसऱ्या षटकात आवाज नेहमीच्या पट्टीत आला. चौथ्या षटकात नोमिनने त्यांच्या हातात रिकामी पाण्याची बाटली दिली, हाताला काहीतरी हवं म्हणून. बाटली तोंडापुढे आली आणि काका सुटले.

समोरच्या बिल्डिंगमधल्या गॅलऱ्यांमध्ये एकेक बाई येऊन उभी राहिली. मग मैदानाच्या दोरीला टेकलेली दोन-चार माणसं हळूच आमच्या बाजूला सरकली. मग आणखी. जेवायच्या सुमाराला अशी परिस्थिती होती, की अर्धं पब्लिक मैदानाकडे पाठ करून आमच्या चौथ्या मजल्याकडे माना वर करून उभं होतं आणि मागे काय चाललंय ते काकांकडून ऐकत होतं. पनवेलचा समालोचक 'क्या बात है' म्हणून ओरडला की खालून कुणीतरी त्याला 'श्शू!' करायचं.

धनेश तावातावाने आला. जिन्यातच त्याला पुतळाकाकींनी गाठलं.

"काकी, त्यांना सांगा ना बंद कराला. पब्लिक तिकडं बघंना. स्पॉन्सर काय बोलंल?"

"धनेश," काकी म्हणाल्या, "एक तर यांना माईक दे, नायतर यांना तुझे घरी ने. तुझी बायको भाकऱ्या भाजंल तवा ते बाजूला बसतील नि सांगतील, पहिली भाकरी करपली, दुसरी भाकरी कच्ची हाय, तिसरी भाकरी सीमारेषेपार गेली. चालंल तिला?"

धनेशची बायको मोठी कडक आहे. त्याने क्षणभर डोळ्यांपुढे ते चित्र आणलं असावं. खाली गेला, कॅमेरावाल्या पोरांशी बोलला आणि तोडगा घेऊनच वर आला. यूट्यूबवर जाणारा आवाज पनवेलच्या माणसाचा राहील, आणि मैदानावरचे कर्णे काकांचे. दोन माईक, दोन वायरी. जगाला इंग्लिश, गावाला गोटीराम.

काका म्हणाले, "सत्कार?"

"तोपन करू."

"सत्कार नको. ही पोरगी बाजूला बसंल माझे. तिला खुर्ची दे."

अशा रीतीने फेब्रुवारीत गावदेवी चषकाच्या अंतिम सामन्याला नोमिन स्टेजवर काकांच्या शेजारी बसली. आमचा संघ विरुद्ध उलव्याचा संघ. मैदान खच्चून भरलेलं. बायकांसाठी वेगळ्या खुर्च्या होत्या, तिथे मी आणि काकी पुढेच बसलो होतो. काका अत्तर लावून आले होते.

पहिला डाव काकांनी एकहाती खेचला. दुसऱ्या डावात मात्र त्यांची चुळबुळ सुरू झाली. काकांना साखरेचा त्रास आहे, आणि आनंदाच्या भरात सकाळपासून चहा आणि सरबतं चालली होती. ते एका पायावरून दुसऱ्या पायावर व्हायला लागले. दोन षटकं त्यांनी कशीबशी काढली. अखेर माईक नोमिनच्या हातात कोंबला, "एकच षटक बोल, मी आलू," म्हणाले आणि स्टेजवरून उतरले.

नोमिन उभी राहिली. माईक दोन्ही हातांत धरला. सगळं मैदान तिच्याकडे बघायला लागलं.

"क्रिकेटरसिकहो, नमस्कार," ती म्हणाली. "गोटीरामकाका आता माईकवर नाय. काका लघवीला गेलेले आहेत."

धावत आलेला गोलंदाज मधेच थांबला.

"टेन्शन नाय घ्यायचं. ते परत येतील. त्यांना साखर हाय." तिने समोर पाहिलं. "गोलंदाजीस येत आहे धनेश मढवी. मध्यम उंची, विवाहित, मंडळाचे अध्यक्ष. यांचा मोबाईल काल यांच्या पत्नीने फोडलेला आहे. कारण अजून समजलेलं नाय. निर्णय तिसऱ्या पंचांकडे, म्हणजे सासूबाईंकडे हाय."

हशा असा काही उसळला की पंचांनी टोपी काढून चेहऱ्यावर धरली. शेजारच्या टेबलावर पनवेलचा समालोचक आपला माईक बाजूला ठेवून पोट धरून बसला होता. यूट्यूबवर त्या षटकात म्हणे नुसतं हसणंच ऐकू गेलं.

नोमिनला वाटलं, आपलं बरोबर चाललंय. काकांकडून ती जे शिकली होती तेच करत होती. माणूस दिसला की त्याचं जे ठाऊक आहे ते मनापासून सांगायचं. आता तिला आणखी आठवलं.

"काकांना साखर हाय, तरी काकांनी आज सकाळी बाजारात उभं राहून जिलबी खाल्लेली आहे. एक नाय, प्लेट. पुतळाकाकीला हे माहीत नाय."

माझ्या शेजारची खुर्ची मागे सरकली. काकी उभ्या राहिल्या होत्या. पदर खोचला आणि त्या दोरी ओलांडून निघाल्या.

एक कर्णा शौचालयाच्या दिशेलाही होता. त्यामुळे काकांनी आत सगळं ऐकलं होतं. ते पट्टा आवळत बाहेर आले आणि 'बंद कर! बंद कर!' असे हातवारे करत मैदानाच्या कडेने स्टेजकडे धावत सुटले.

"रसिकहो, काका येताना दिसत आहेत!" नोमिनचा आवाज चढला. "वेग पाहा! आजारी गुडघ्यांचा हा वेग नव्हे! पण दुसऱ्या बाजूने पुतळाकाकी निघालेल्या आहेत. काकी जवळ… काकाही जवळ… काकांनी दिशा बदलली… धावबादची शक्यता… आणि पकडलं! काका क्रीजच्या बाहेर! काका बाद!"

उलव्याच्या संघाने तो चषक जिंकला. पण गावात कुणाला विचारलंत तर आठवणार नाही. चषक घेताना त्यांच्या कप्तानाने भाषणात सांगितलं, की आमच्याकडे मैदान मोठं आहे, पुढे विमानतळ आहे, सगळं आहे, पण असे सामने होत नाहीत.

त्यानंतर दोन दिवस काका घराबाहेर पडले नाहीत. काकींनी कारल्याचा रस सुरू केला होता, त्याचाही परिणाम असेल. तिसऱ्या दिवशी मी शाळेतून येताना ओट्यावर एकटेच बसलेले दिसले. मला थांबवून म्हणाले, "सुनयना, खरं बोल. मी माईकवर बोलतू, तवा लोकांना असंच वाटत असंल काय?"

मी म्हटलं, "थोडंफार काका."

"शिवतेजलापन?"

"त्याला जरा जास्त."

त्यांनी दाढी खाजवली. मग हसायलाच लागले, एकटेच, खांदे हलवून. "पन पोरगी बोलली काय मस्त! धावबादची शक्यता!"

नोमिनला आपलं काय चुकलं ते कळल्यावर ती रडवेली होऊन माफी मागायला गेली होती. काकांनी तिला काय सांगितलं असेल? म्हणाले, "चूक एकच झाली. जिलबीची प्लेट अर्धी होती. माहिती पक्की असाला पायजे."

पुढच्या रविवारपासून काका सामन्याआधी प्रत्येक खेळाडूकडे जाऊ लागले. "बाला, तुझं काय सांगू नि काय नको?" त्यांना वाटलं होतं, पोरं बरंच काही गाळायला सांगतील. झालं उलटंच. एकाला बहिणीचं पार्लर सुरू झाल्याचं सांगायला हवं होतं, एकाला वडिलांचं ऑपरेशन नीट झाल्याचं. शिवतेज म्हणाला, "काका, ते अविवाहित जरा दोनदा घ्या." यंदा त्याचं लग्न ठरलं. तेही समालोचनामुळेच, समोरच्या गॅलरीत ऐकत उभ्या असणाऱ्या मुलीशी.

जुलैत नोमिन सुट्टीला घरी गेली. तिच्याकडे त्या महिन्यात मोठा सण असतो, कुस्त्या आणि घोड्यांच्या शर्यती. जाताना ती काकांना म्हणाली होती, "तुमची करमणूक मी पाहिली, आता माझी पाहा." एका दुपारी तिचा व्हिडिओ कॉल आला. मी, काकी आणि काका तळमजल्यावर फोन डब्याला टेकवून बसलो. पडद्यावर नुसतं माळरान, क्षितिजापर्यंत हिरवं, आणि खूप लांबवर धुळीची एक रेघ.

"ते घोडे आहेत काका! येत आहेत!" नोमिन ओरडली.

काका पुढे वाकले. मी त्यांना इतका वेळ गप्प कधीच पाहिलं नव्हतं. अखेर म्हणाले, "पुढचा घोरा कोनाचा?"

"माहीत नाय, काका."

"माहीत नाय म्हंजी? गावातली ना तू? बोलू कसा मी?"

नोमिन फोन तसाच हातात घेऊन धावली. आम्हाला नुसतं गवत आणि तिच्या बुटांची टोकं दिसली, मग अनोळखी भाषेतलं बोलणं, मग ती धापा टाकत परत. "काका, पुढचा घोडा बातरचा. बातर म्हातारा हाय. त्याच्या मोठ्या मुलीचं लग्न झालं, धाकटी मास्तरीण. या वर्षी त्याने नवीन मोटरसायकल घेतली, पण त्याला चालवता येत नाय."

काकांच्या चेहऱ्यावर उजेड पडला. त्यांनी घसा साफ केला, काकींच्या हातातला रिमोट घेऊन तोंडापुढे धरला. "अश्वरसिकहो! आघाडीवर आहे बातर यांचा घोडा. मालक वयोवृद्ध, कन्या शिक्षिका…"

तेवढ्यात नेटवर्क गेलं. घोडे होते तिथेच थिजले, नोमिनचं तोंड उघडंच राहिलं. काका थांबले नाहीत. त्यांनी ते घोडे ओढ्यातून काढले, चढावर चढवले, बातरच्या जावयाला बाजूने पळवलं आणि तिथे ओढा किंवा चढ आहे की नाही याचा विचारही न करता बातरचा घोडा पहिला आणून सोडला. काकींनी टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी नोमिनचा मेसेज आला. बातरचा घोडा सातवा आला होता.

काकांनी मेसेज दोनदा वाचला, फोन मला परत दिला आणि म्हणाले, "पंचांनी नीट बगितला नसंल."